स्थानिक समिती कागदावरून उठवू या

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध आज जो कायदा आहे, त्याची सुरुवात एका खेड्यात झाली. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करत. १९९२ साली त्यांनी एक बालविवाह रोखण्याची खटपट केली आणि त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. खालच्या कोर्टानं १९९५ मध्ये आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मोकळं केलं. पण या प्रकरणानंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ च्या ‘विशाखा’ निकालानं ठरवून दिलं, की कामावर होणारा लैंगिक छळ म्हणजे बाईच्या समानतेच्या हक्कावरच घाला. २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला.

दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथं मालकानं अंतर्गत समिती नेमायची. मग चार जणींच्या शिवणकामाच्या गाळ्यातल्या बाईनं कुठं जायचं? छोट्या दवाखान्यातल्या मदतनीस मुलीनं, वीटभट्टीवरच्या मजूर बाईनं? आणि छळणारा खुद्द मालकच असेल तर? त्यांच्यासाठी कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती ठेवली आहे. भंवरीदेवींसारख्या बायकांच्या वाट्याला या कायद्यातलं जे काही आलं, ते हेच. आणि तेच आपण धूळ खात पडू दिलं आहे.

गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या कायद्याच्या अंमलबजावणीतल्या त्रुटींवर कडक शब्दांत बोट ठेवलं. त्या प्रकरणात तिथल्या समितीनं चौकशी घाईघाईनं उरकली होती. त्यामुळे आरोप असलेल्या माणसाच्या बडतर्फीचा आदेश टिकला नाही आणि चौकशी पुन्हा करायची वेळ आली. समितीला कायदा नीट शिकवला नाही, तर त्याची किंमत तक्रार करणारीला मोजावी लागते आणि ज्याच्याबद्दल तक्रार असते त्या माणसावरही अन्याय होतो. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं, की जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक समित्या ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थापन करा. कायदा येऊन अकरा वर्षं उलटल्यावर!

या समितीचे अधिकार किरकोळ नाहीत. बाईला लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घ्यायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची, नाव गुप्त ठेवायचं. तालुक्यातालुक्यात तक्रार स्वीकारणारा नोडल अधिकारी हवा आणि त्यानं ती सात दिवसांत समितीकडे पोहोचवायला हवी. घरकाम करणाऱ्या बायकांबाबत मात्र कायदा तोकडा पडतो: तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं की समितीनं ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची. जिचा महिन्याचा पगार चार घरांवर अवलंबून आहे, ती पोलीस ठाण्याचं नाव काढताच गप्प बसते. समितीनं तिच्यासोबत ठाण्यात जावं, ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे.

वकिलाच्या फीचीही धास्ती असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. ही माहिती बचत गटाच्या बैठकीत सांगा, अंगणवाडीच्या भिंतीवर लावा. ऊसतोडीला निघणाऱ्या टोळीतल्या बायकांपर्यंत ती गाव सोडण्याआधी पोहोचायला हवी, कारण एकदा फडावर गेलं की मुकादम आणि उचल यांच्या कचाट्यात विचारणार कोणाला?

वाचकहो, दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. जिल्हाधिकारी कार्यालयाला विचारा: स्थानिक समितीत कोण कोण आहे, त्यांची तीन वर्षांची मुदत कधी संपते, गेल्या वर्षी बैठका किती झाल्या, आपल्या तालुक्याचा नोडल अधिकारी कोण? तीस दिवसांत उत्तर यायला हवं. ते उत्तर घेऊन पुढच्या ग्रामसभेत उभे राहा आणि नोडल अधिकाऱ्याचं नाव व फोन नंबर ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिण्याचा ठराव मांडा. शहरात असाल तर हीच मागणी वॉर्ड ऑफिसात घेऊन जा. जाताना शेजारच्या घरी काम करणाऱ्या ताईंनाही सोबत न्या.