बाकावरच्या गोलरक्षकाचे मोल

७ डिसेंबर २०२५ रोजी फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर ईस्ट बंगालला टायब्रेकरमध्ये नमवून एफसी गोवाने सुपर कप राखला. त्यानंतर दुसऱ्याच दिवशी, ८ डिसेंबरला, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये केलेला पंधरा वर्षांचा आणि सातशे कोटी रुपयांचा व्यावसायिक हक्कांचा करार संपुष्टात आला. इंडियन सुपर लीगचा हंगाम जुलैपासूनच स्थगित होता. नव्या हक्कांसाठी काढलेल्या निविदेला ७ नोव्हेंबरच्या मुदतीत एकही बोली आली नाही. मधल्या काळात बंगळुरू एफसीसह काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन रोखले. करंडक होता, पण लीग नव्हती; अशा विचित्र स्थितीत काटकसरीची कात्री प्रथम कोणावर चालेल, हे सांगायला ज्योतिषाची गरज नाही. ती बाकावर बसणाऱ्यांवर चालेल आणि त्यातही दुसऱ्या क्रमांकाच्या गोलरक्षकावर.

वरवर पाहता हा हिशेब रास्त वाटतो. पाच बदली खेळाडूंच्या नियमामुळे राखीव आघाडीवीराला शेवटची वीस मिनिटे तरी मिळतात. राखीव गोलरक्षकाला मात्र मुख्य गोलरक्षक जायबंदी झाला, त्याला लाल कार्ड मिळाले किंवा त्याचा सूर हरपला, तरच मैदान दिसते. हंगामात दोन-तीन सामने खेळणाऱ्यावर लाखो रुपये का खर्चावेत, असा प्रश्न हिशेबनीस विचारणारच. परंतु हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. नियमानुसार गोलरक्षकाविना संघ खेळू शकत नाही. म्हणजे राखीव गोलरक्षकाला दिले जाणारे मानधन ही खेळलेल्या मिनिटांची मजुरी नसून विम्याचा हप्ता आहे. घराला आग लागली नाही म्हणून हप्ता वाया गेला, असे कोणी म्हणत नाही.

अर्थात, हप्ता किती असावा हा प्रश्न उरतोच. येथे आकडेवारीचा आधार फसवा ठरतो. समजा, एका राखीव गोलरक्षकाने हंगामात तीन सामने खेळले आणि त्याच्यावर गोलच्या दिशेने बारा फटके आले. त्याने नऊ अडवले तर यशाचे प्रमाण ७५ टक्के होते; आठ अडवले तर ते ६७ टक्क्यांवर घसरते. केवळ एका फटक्याच्या अंतराने ‘उत्तम’ आणि ‘सामान्य’ अशी दोन प्रमाणपत्रे निघतात. तो एक चेंडू बचावपटूच्या पायाला लागून दिशा बदललेला असू शकतो. फटक्याची अवघडता मोजणाऱ्या आधुनिक पद्धतींनाही एवढ्या थोड्या नमुन्यातून निष्कर्ष काढता येत नाही.

एका सामन्यावरून माणूस तोलण्यातील धोका गोमंतकीयांना लक्ष्मीकांत कट्टीमणीच्या उदाहरणातून उमगावा. २० डिसेंबर २०१५ रोजी याच फातोर्ड्यावर झालेल्या अंतिम सामन्यात त्याने चेन्नईयिनची पेनल्टी अडवली; पण अखेरच्या मिनिटांत त्याच्याच नावावर स्वयंगोल लागला, पाठोपाठ मेंडोझाने विजयी गोल केला आणि एफसी गोवा २-३ असा हरला. २० मार्च २०२२ रोजी तोच गोलरक्षक त्याच मैदानावर हैदराबादकडून केरळ ब्लास्टर्सविरुद्ध उभा राहिला. टायब्रेकरमध्ये त्याने तीन खेळाडूंचे फटके अडवले आणि हैदराबाद विजेता ठरला. त्याचे खरे मोल पहिल्या रात्रीच्या दूषणांत नव्हते आणि दुसऱ्या रात्रीच्या जयघोषातही नव्हते. ते त्या दोहोंमधल्या सव्वासहा वर्षांच्या सरावात होते. विशेष म्हणजे त्यानंतरच्या हंगामात हैदराबादच्या गोलरक्षणाची धुरा प्रामुख्याने गुरमीत सिंगकडे गेली.

दुसरे उदाहरण धीरज सिंगचे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताचा गोल राखणारा हा युवक पुढे एटीके मोहन बागानमध्ये अरिंदम भट्टाचार्यच्या मागे बाकावर अडकला. जानेवारी २०२१ मध्ये एफसी गोवाने त्याला आणले. तीन महिन्यांत, त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीत खेळणाऱ्या या पहिल्या भारतीय क्लबने अल रय्यान आणि अल वाहदा या बलाढ्य संघांना गोलशून्य बरोबरीत रोखले. गोल धीरज राखत होता. एका क्लबच्या लेखी अडगळीत असलेला खेळाडू दुसऱ्याच्या लेखी ठेवा ठरला. मात्र या कथेला उत्तरार्धही आहे. पुढे गोव्यातील त्याचे स्थान डळमळले आणि २०२४ मध्ये तो विशाल कैथच्या मागे पुन्हा मोहन बागानच्या बाकावर गेला. बाजारभाव क्षमतेवर जितका, तितकाच समोर कोण उभा आहे यावर ठरतो.

म्हणूनच करार करताना तीन गोष्टी पाहणे शहाणपणाचे ठरते. पहिली, वय. विशीतला राखीव गोलरक्षक ही गुंतवणूक असते. त्याला दीर्घ मुदत आणि अन्य क्लबकडे उसनवारीने पाठवण्याची तरतूद हवी. पस्तिशीकडे झुकलेला अनुभवी गोलरक्षक ही सोय असते. त्याला एका हंगामाचा करार पुरतो. दुसरी, मानधनाची रचना. मूळ रक्कम माफक आणि प्रत्येक सामन्यागणिक वाढीव मोबदला, ही पद्धत क्लब व खेळाडू दोघांनाही न्याय देते. तिसरी, पर्यायाची किंमत. मैदानावर उतरवता येणाऱ्या विदेशी खेळाडूंची संख्या मर्यादित असल्याने क्लब त्या जागा बहुधा आघाडी, मधली फळी आणि मध्य बचावासाठी राखतात. साहजिकच गोलपोस्टखाली भारतीय खेळाडू लागतो आणि हंगामाच्या मध्यावर विश्वासार्ह भारतीय गोलरक्षक शोधणे हे दुष्काळात विहीर खणण्यासारखे असते.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी लागेल. फिफाच्या नियमांनुसार हंगामातील दहा टक्क्यांहून कमी अधिकृत सामन्यांत खेळलेल्या प्रस्थापित व्यावसायिक खेळाडूला करार मुदतीआधी संपवण्याची मागणी करता येते; मात्र त्याची परिस्थिती विचारात घेतली जाते. दोन महिन्यांचे वेतन थकल्यास रीतसर नोटीस देऊन करार मोडण्याचा अधिकारही आहे. कागदावर हे संरक्षण भक्कम दिसते. पण लीगच ठप्प असताना करार मोडून जायचे कुठे? मुख्य गोलरक्षकाला दुसरा क्लब मिळेल; हंगामात दोन सामने खेळलेल्याच्या हाती दाखवायला काय असणार?

गोव्यासाठी हा प्रश्न एका खेळाडूपुरता नाही. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून माघार घेतली, तेव्हा राष्ट्रीय पातळीवर गोमंतकीय खेळाडूंना मिळणाऱ्या जागा एकदम आटल्या. फुटबॉलला राज्यक्रीडेचा दर्जा असलेल्या या भूमीत स्थानिक मुलासाठी वरच्या फळीचे दार बहुधा बाकावरूनच उघडते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अल नस्रसारख्या संघासमोर फातोर्ड्यात गोल राखणारा हृतिक तिवारी हाही एफसी गोवाच्या विकास संघातूनच वर आलेला. बाकावरचा खर्च कापला तर आज काही लाख वाचतील. पण उद्याचा मुख्य गोलरक्षक बाजारातून अनेकपट दराने विकत आणावा लागेल.

लीगचे भवितव्य न्यायालय, महासंघ आणि क्लब यांच्या वाटाघाटींत ठरेल. त्या टेबलावर प्रक्षेपणाचे हक्क आणि भागभांडवल यांची चर्चा होईल. त्याच टेबलावर संघातील सर्वांत कमी वेतनाच्या खेळाडूंसाठी किमान मानधनाची आणि थकबाकीच्या हमीची अटही लिहिली गेली पाहिजे.