स्वर्ग म्हणू नका

मी फिजीला कधी गेलेलो नाही. सामोआला नाही, टोंगाला नाही, पलाऊलाही नाही. माझा पासपोर्ट अजून कोराच आहे. तरीही एके काळी मी या देशांबद्दल रोज लिहायचो आणि त्याचा पगार घ्यायचो.

नागपुरातल्या एका छोट्या ट्रॅव्हल कंपनीत मी दीड वर्ष होतो. पॅकेजच्या फोटोखाली चार-पाच ओळींचा मजकूर लिहायचा, एवढंच काम. पहिल्याच दिवशी वरिष्ठांनी शब्दांची यादी हातात दिली होती : स्वर्ग, निळंशार, अस्पर्श, निवांत, हसतमुख माणसं. प्रशांत महासागरातला कुठलाही देश या यादीत बसायचा. एकदा गडबडीत मी सामोआचा मजकूर टोंगाच्या पानावर चिकटवला. दोन महिने तो तसाच होता. ना कंपनीच्या लक्षात आलं, ना एकाही गिऱ्हाइकाच्या. तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं.

मग ती नोकरी सुटली आणि मी गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या माझ्या गावी परतलो. एका संध्याकाळी फोनवर एक रील आलं. ड्रोनमधून टिपलेला तलाव, मागे डोंगर, मावळतीचा रंग, आणि खाली अक्षरं : ‘विदर्भातलं मिनी मालदीव! अस्पर्श स्वर्ग!’

तलाव नवेगावबांधचा होता. वाक्य मी लिहिलेलं नव्हतं, पण त्या खुर्चीत बसून मी अगदी हेच लिहिलं असतं.

टोंगाचं मी जे केलं होतं, तेच आता कुणीतरी आमचं करत होतं. या वेळी हसू आलं नाही.

अस्पर्श कशाला म्हणता?

नवेगावबांधच्या तलावाला ‘अस्पर्श’ म्हणण्याइतकं चुकीचं दुसरं काही नाही. हा तलाव माणसांनी बांधला आहे. गावाच्या नावातच ‘बांध’ आहे. परंपरेने तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात, आणि भोवतालच्या डोंगरांना आमच्याकडे सात बहिणी म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे हजारो तलाव आणि बोड्या आहेत. कुठे उतार आहे, पाणी कुठून येईल, पाळ किती रुंद हवी, सांडवा कुठे काढायचा, हे कोहळी समाजाच्या लोकांना कळत होतं. इंजिनिअरिंग कॉलेज निघण्याच्या कितीतरी आधीपासून इथलं धान या तलावांच्या पाण्यावर पिकत आलं आहे.

१९५० च्या सुमारास मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. सरकारी कागदांत ते ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले, बोलण्यात ‘मामा तलाव’. मामाचे असल्यासारखी त्यांची काळजी मात्र कुणी घेतली नाही. कित्येक तलाव गाळाने उथळ झाले, पाट बुजले, काठाने बेशरम माजली. आमच्याच तालुक्यात ढिवर समाजाच्या बायांनी काही तलावांमधली ती बेशरम उपटून काढली, देशी पाणवनस्पती लावल्या, त्यामुळे देशी मासे पुन्हा दिसू लागले. चिखलात कमरेपर्यंत उतरून केलेलं काम आहे ते.

आता त्या रीलकडे पुन्हा बघा. कोहळी नाहीत, ढिवर नाहीत, गाळ नाही, पाटाच्या पाण्यावरून होणारं भांडण नाही. ‘अस्पर्श’ हा एक शब्द लिहिला की ही सगळी माणसं आपोआप पुसली जातात. आणि माणसंच नसतील, तर त्यांना विचारायचा प्रश्नच उरत नाही. जाहिरातीला हेच सोयीचं असतं.

फिजीची पहिली जाहिरात

तुम्ही म्हणाल, एका शब्दावरून एवढं काय? पॅसिफिकच्या बेटांवर अशा शब्दांनी काय केलं आहे ते बघू.

भारतात फिजीची पहिली जाहिरात कुठल्या ट्रॅव्हल कंपनीने केली नाही. ती मजूरभरतीच्या दलालांनी केली. त्यांना अरकाटी म्हणत. फिजी कलकत्त्याच्या थोडंसंच पलीकडे आहे, काम हलकं आहे, पैसा भरपूर आहे, असं कित्येकांना सांगितलं गेलं. १४ मे १८७९ रोजी ‘लिओनिडास’ हे पहिलं जहाज तिथे पोहोचलं. १९१६ पर्यंत सुमारे साठ हजार माणसं पाच-पाच वर्षांच्या करारावर उसाच्या मळ्यांत नेली गेली. त्या कराराचा, म्हणजे ‘ॲग्रीमेंट’चा, त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाला. तोताराम सनाढ्य त्यांच्यातलेच एक. त्यांनी तिथल्या एकवीस वर्षांवर लिहिलेलं हिंदी पुस्तक १९१४ साली आलं आणि ही प्रथा बंद व्हावी म्हणून चाललेल्या चळवळीला त्याने बळ दिलं. कोकणातली मराठी माणसं मॉरिशसला गेली तीही अशाच करारांवर. मी फिजीचं पॅकेज लिहीत होतो तेव्हा यातलं मला काहीही माहीत नव्हतं. आमच्या यादीत ‘गिरमिट’ हा शब्द नव्हता.

बिकिनी हे नाव ऐकल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? ते मार्शल बेटांमधलं एक प्रवाळबेट आहे. १९४६ मध्ये अमेरिकेने तिथल्या लोकांना हलवलं आणि अणुचाचण्या सुरू केल्या. १९५८ पर्यंत तिथे २३ स्फोट झाले. पहिला स्फोट झाला त्याच महिन्यात पॅरिसच्या एका डिझायनरने आपल्या नव्या पोहण्याच्या कपड्याला हे नाव दिलं. कपडा जगभर गेला. बेटावरच्या लोकांना अजूनही घरी परत राहायला जाता आलेलं नाही.

नाउरू हा देश फक्त २१ चौरस किलोमीटरचा. त्याची जमीन फॉस्फेटची. ती खणून खणून खतासाठी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतांवर, कुरणांवर टाकली गेली. बेटाचा मधला बहुतेक भाग आज खडकांचे सुळके उरलेली ओसाडी आहे. दुसऱ्याचं रान हिरवं करायला एक देश अक्षरशः पोत्यांत भरून विकला गेला.

आणि तुवालू. लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास, जमीन समुद्रापासून जेमतेम काही मीटर उंच. २०२३ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाशी करार केला : दरवर्षी २८० तुवालूवासीयांना तिथे जाऊन राहता येईल. २०२५ मध्ये पहिली सोडत निघाली तेव्हा देशातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांनी नावं नोंदवली. या देशासाठी आमच्या कंपनीत एक कल्पना निघाली होती : ‘बुडण्याआधी बघून घ्या.’ मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

अशी जाहिरात आपल्याही दारात लागू शकते. नवेगाव राष्ट्रीय उद्यानातली कवलेवाडा, कालीमाटी, झनकारगोंदी ही गावं उठवून सडक अर्जुनीजवळ श्रीरामनगरला वसवली गेली. फिजीत वुनिदोगोलोआ हे गाव २०१४ मध्ये समुद्र आत आला म्हणून उचलून उंचावर नेलं. तिकडे समुद्रामुळे, इकडे वाघामुळे. दोन्हीकडच्या पर्यटनाच्या पानांवर निळं पाणी आहे आणि हिरवं रान आहे. उठलेली गावं कुठेच नाहीत.

‘मग पोरांनी करायचं काय?’

हे बोललं की समोरून प्रश्न येतो, आणि तो खरा आहे. गोंदियात रोजगार कुठे आहे? धान, तेंदूपत्ता, राइस मिल, आणि मग नागपूर-हैदराबादची गाडी. लोक आले तर चार पैसे येतील. २०२३ च्या डिसेंबरमध्ये बिरसीहून हैदराबाद-तिरुपतीचं विमान सुरू झालं तेव्हा माझ्याच मित्रांनी स्टेटस ठेवले होते. त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू, की पर्यटक नकोत?

मी तसं म्हणतही नाही. नागझिऱ्याचंच उदाहरण घ्या. गेटवर गाड्यांची संख्या ठरलेली. सोबत गाइड घ्यावाच लागतो आणि तो आजूबाजूच्या गावातलाच असतो. पावसाळ्यात सफारी बंद. चोरखमाऱ्याच्या गेटवर उभी असलेली कित्येक पोरं या कामावर घर चालवतात. त्यांना अस्वलाची विष्ठा ओळखता येते, कोणत्या मोहाखाली सकाळी कोण येतं ते ठाऊक असतं. तिथे पाहुणा येतो तो जागेच्या अटींवर येतो.

पलाऊने हेच देशाच्या पातळीवर केलं. जेमतेम अठरा हजार लोकसंख्येच्या त्या देशात २०१५ साली दीड लाखांहून जास्त पर्यटक आले. २०१७ च्या अखेरीस त्यांनी नियम केला : येणाऱ्या प्रत्येकाच्या पासपोर्टवर एक प्रतिज्ञा उमटवायची, आणि पाहुण्याने खाली सही करायची. ती प्रतिज्ञा पलाऊच्या मुलांना उद्देशून आहे. २०२० पासून प्रवाळाला मारक सनस्क्रीन आणायलाही बंदी आहे. देश बंद पडला नाही.

उलट, सगळी भिस्त पर्यटकांवर ठेवली की काय होतं तेही फिजीने दाखवलं. कोविडमध्ये २०२० च्या मार्चपासून २०२१ च्या डिसेंबरपर्यंत पर्यटकांना दारं बंद होती. हॉटेलांमधली हजारो माणसं घरी बसली आणि कित्येकजण गावी परतून पुन्हा शेतीला, मासेमारीला लागली. शेत आणि समुद्र शिल्लक होता म्हणून निभावलं. आपण तलावाभोवतीचं धान काढून रिसॉर्ट उभे केले, तर पडत्या काळात परतायचं कुठे?

तेव्हा ‘रोजगार की विरोध’ अशी निवड नाही. कुणाच्या अटींवर, हा प्रश्न आहे.

मीही धुतल्या तांदळासारखा नाही

हे सगळं लिहिण्याचा अधिकार मला आहे का, याबद्दल मला शंका आहे. कारण सांगतो.

सारस हा आमचा पक्षी. महाराष्ट्रात तो जवळजवळ फक्त गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे, आणि तोही मोजून थोडा. माणसाच्या उंचीचा, जोडीने राहणारा. पावसाळ्यात तो पाणी भरलेल्या धानाच्या बांधीतच घरटं करतो, म्हणजे त्याचं जगणं शेतकऱ्याच्या हातात आहे. घरट्यापुरतं धान जातं, तरी आमच्याकडचे बहुतेक शेतकरी ते सोसतात.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मामाच्या बांधीत जोडीने घरटं केलं. दोन अंडी. मी वीस सेकंदांचा व्हिडिओ केला, गाणं लावलं आणि गावाच्या नावासकट टाकला. लाइक बघत रात्री दोनपर्यंत जागा होतो. पुढच्या रविवारी गावात सात-आठ गाड्या आल्या. लोक आधी धुऱ्यावर उभे राहिले, मग खाली उतरले. नुकतीच रोवणी झाली होती, पऱ्हे चिखलात दाबले गेले. जोडी घरटं सोडून लांब जाऊन उभी राहिली. लोक त्यांना ओरडून बोलावत होते.

त्या हंगामात त्या घरट्यातून पिल्लू निघालं नाही. माझ्या व्हिडिओमुळेच असं झालं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यामुळे झालं नाही, असंही सांगू शकत नाही. मामा मला रागावला नाही. एवढंच म्हणाला, “बाबू, त्या पाखराइले मी कधी हाकललो नाही. तू तं बाजारच आनलास.”

व्हिडिओ मी काढून टाकला. तोपर्यंत तो दुसऱ्या पाच-सहा पेजवर गेला होता. त्यातल्या एकावर लिहिलं होतं : ‘स्वर्गातले पक्षी.’

एक सोपी कसोटी

तुमच्या हातात फोन आहे, माझ्याही आहे. कुठल्या जागेबद्दल आपण काय लिहितो, हे आता ट्रॅव्हल कंपनीपेक्षा आपणच जास्त ठरवतो. त्यामुळे एक कसोटी सांगतो. ती मला सामोआ आणि टोंगाने शिकवली.

कॅप्शन लिहून झालं की त्यातलं जागेचं नाव बदलून बघा. नवेगावबांधच्या ठिकाणी पाँडिचेरी टाका, लोणावळा टाका, फिजी टाका. वाक्य तरीही जसंच्या तसं चालत असेल, तर ते त्या जागेबद्दल नाहीच. खोडून टाका. तिथल्या कुणाशी तरी बोला आणि पुन्हा लिहा. आणि अंडी, पिल्लं, घरटी यांचा पत्ता मात्र कधीच लिहू नका. म्हणूनच मामाच्या गावाचं नाव या लेखात नाही.

मी पुन्हा लिहायचा प्रयत्न केला आहे. जुन्या नोकरीत हा मजकूर पास झाला नसता :

नवेगावबांध, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया. हा तलाव माणसांनी बांधला आहे. याच्या पाण्यावर धान पिकतं आणि यात ढिवरांची जाळी पडतात. हिवाळ्यात दुरून पाखरं येतात, त्यांच्याजवळ ड्रोन उडवू नका. पावसाळ्यात आलात तर रोवणी चालू असेल, धुऱ्यावरून चाला, बांधीत उतरू नका. जेवायला गावातल्याच कुणाच्या तरी हातचं मागा, भात चांगला मिळेल. पाळीवर एखादा म्हातारा बसलेला दिसला तर त्याला विचारा, हा तलाव कुणी बांधला. तो सांगेल. वेळ घेऊन या.