डेमलो संख्या आणि ‘उपयोग काय?’चा रोग

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड. उपनगरांतल्या मराठी मध्यमवर्गीय घरात आज संख्या म्हणजे टक्केवारी, कर्जाचा हप्ता आणि क्लासची फी. संख्येत यापलीकडे पाहण्याजोगे काही असते असे कोणी सुचवले, की प्रश्न ठरलेला: ‘त्याचा उपयोग काय?’ हा प्रश्न व्यवहारचातुर्याचा वाटतो. वस्तुतः तो बौद्धिक दारिद्र्याचा आहे.

नऊ एकांची संख्या घ्यावी: १११११११११. तिचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. हा चमत्कार नव्हे. गुणाकार मांडताना एकांच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकतात. उभ्या बेरजा नवापर्यंत चढतात आणि तशाच उतरतात. हातचा येतच नाही. दहा एक घेतले, की मधली बेरीज दहा होते, हातचा येतो आणि शिखर ढासळते: १२३४५६७९००९८७६५४३२१. आपल्या सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ८१. त्या ८१ने तिला निःशेष भाग जातो आणि भागाकार १२३४५६७९चा वर्ग निघतो!

अशा संख्यांना ‘डेमलो’ हे नाव दिले देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी. डेमलो म्हणजे डोंबिवलीचे जुने नाव. कल्पना सुचली ती त्या स्थानकावर. मुलुंडहून रोज त्या मार्गाने जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांचे ‘हर्षद’ हे नावही त्यांचेच. १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवणाऱ्या या माणसाजवळ पदव्युत्तर पदवी नव्हती. म्हणून विद्वानांनी त्यांचे काम पोरखेळ ठरवले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले, तेव्हा आपल्याला आपला हिरा दिसला. परक्याने पारखल्याखेरीज घरचे सोने सोने वाटू नये, हे कसले शहाणपण?

दुसरी जमातही तितकीच दोषी आहे. ‘हे सारे आपल्याकडे पूर्वीच होते’ अशी गर्जना करून ती स्वस्थ बसते. होते, हे खरेच! इसवी सन ८५०च्या सुमारास महावीराचार्यांनी १२३४५६५४३२१ ही संख्या ‘गणितसारसंग्रहा’त नोंदवली. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) स्थानांची नावे परार्धापर्यंत आहेत, आपल्या सतरा अंकी संख्येचा पहिला अंक त्याच्या अलीकडच्या ‘मध्य’ स्थानी बसतो. पण कोटीच्या पुढे अडखळणाऱ्या जिभेने या वारशाचा अभिमान मिरवावा, हे हास्यास्पद आहे.

पूर्वजांचा गौरव घोषणेने होत नाही, अभ्यासाने होतो. घरातल्या मुलापुढे कोरा कागद ठेवावा, नऊ ओळींचा तो गुणाकार त्याच्याकडून करून घ्यावा आणि शिखर का चढते, का ढासळते, हे त्याला स्वतः शोधू द्यावे. ‘उपयोग काय?’ याचे उत्तर त्याच्या चेहऱ्यावर वाचता येईल.