विहिरीत मैला आला कोठून?



पावसाळा लागला, गावात हगवण सुरू झाली की दरवर्षी तेच घडते. टीसीएल पावडर विहिरीत पडते, कागदोपत्री शुद्धीकरण होते आणि गोठ्यावर, उकिरड्यावर खापर फोडून विषय मिटवला जातो. मैला खरोखर कोठून आला, हे कोणी शोधत नाही.

परभणीची जमीन काळी. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पहिल्या पावसाचे पाणी वरची घाण घेऊन त्या भेगांतून उतरते. खाली काळा कातळ. त्याच्या फटींतून शोषखड्ड्याचे पाणी फारसे न गाळता विहिरीत पोचते. नितळ पाणी शुद्ध असतेच असे नाही.

तपासणी अवघड नाही. हायड्रोजन सल्फाइडची सोपी चाचणी १९८२ साली भारतीय शास्त्रज्ञांनीच पुढे आणली. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून उबेला ठेवावे. दोन दिवसांत ते काळे पडले, तर मैल्याचा संशय धरून नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. भारतीय मानक स्पष्ट आहे: पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय आढळता कामा नये.

पण ‘पाणी दूषित’ एवढ्या शेऱ्याने भागत नाही. मैला माणसाचा की गुराचा, हे प्रगत प्रयोगशाळा आता आतड्यातील जिवाणूंच्या जनुकांवरून सांगू शकतात. ती तपासणी खर्चाची आहे. गावाने निदान माग तरी काढावा. विहीर, टाकी आणि नळ यांचे नमुने एकाच दिवशी घ्यावेत. विहीर चांगली, टाकी चांगली आणि नळ खराब, तर गटारातून गेलेली पाइपलाइन तपासा. विहीरच खराब, तर जवळचे शोषखड्डे आणि नाले पाहा. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा तालुक्यांतील गोदाकाठच्या गावांनी नाला नदीला मिळतो त्याच्या वरचे आणि खालचे पाणी वेगवेगळे तपासावे. वर चांगले आणि खाली खराब निघाले, तर गुन्हेगार कोण ते उघड आहे.

जल जीवन मिशनमध्ये २०१९ पासून गावातील पाच महिलांना तपासणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. स्रोताची पाहणी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणते, तपासणी संच कोठे आहे, अहवाल काय सांगतो, हे येत्या ग्रामसभेत विचारा. उत्तर लेखी घ्या. दोष आपल्या शोषखड्ड्याचा निघाला तर तो आपण हलवू. शहराच्या सांडपाण्याचा निघाला तर ते अडवण्याचा खर्च शहराने करावा. दवाखान्याचे बिल मात्र आजवर आपणच भरत आलो आहोत.