कवितेतून काय बोध मिळाला, हे विचारू नका

लहान मुलांना विनोदी कविता शिकवून झाली की वर्गात हमखास एक प्रश्न येतो. "मग मुलांनो, या कवितेतून आपल्याला काय बोध मिळाला?" मघाशी खिदळणारी मुले गप्प होतात. म्हशीने छत्री घेतली, यात बोध कुठला असणार? सहा-सात वर्षांच्या मुलाला छत्रीवाली म्हैस पुरेशी असते. बोध मोठ्यांना हवा असतो.

पहिली-दुसरीत गमतीच्या कवितेला आपण तोंडी लावण्यापुरते ठेवतो. खरा अभ्यास म्हणजे शब्दार्थ आणि प्रश्नोत्तरे. मला हे पटत नाही. ज्यांच्या घरी मराठी बोलली जात नाही, त्या मुलांसाठी तर विनोदी कविता हाच पहिला अभ्यास असायला हवा.

आपल्या समाजातल्या कितीतरी घरांत उर्दू किंवा दखनी बोलली जाते. उर्दूत 'ळ' नाही, नपुंसकलिंगही नाही. 'किताब' स्त्रीलिंगी, म्हणून मूल 'माझी पुस्तक' म्हणते. 'शाळा'ची 'शाला' होते आणि वर्ग हसतो. असे दोन-तीनदा झाले की ते मूल हात वर करणेच सोडून देते. मग शेरा मिळतो, 'अबोल आहे'. घरी हेच मूल बोलून बोलून आईचे डोके उठवते!

विनोदी कविता या हसण्याची दिशाच बदलते. समजा, फळ्यावर लिहिले, 'कावळ्याच्या गळ्यात केळ्यांची माळ'. चार शब्दांत चार 'ळ'. भराभर म्हणायला सांगितले की सगळ्यांचीच जीभ अडखळते, देशपांड्यांच्या मुलाची आणि शेखांच्या मुलीचीही. हसू येते ते कावळ्याला आणि स्वतःच्या जिभेला. 'ळ' घोटून घेतला जातो, पण शिक्षा म्हणून नाही. पुढची ओळ मुलांनाच करू द्यावी. 'छत्री'ला कात्री, रात्री, खात्री, कुणी 'मंत्री'ही आणील. यमक थोडे चुकले तरी चालेल.

हा उद्योग हलका समजणाऱ्यांनी विंदा करंदीकरांकडे पाहावे. ज्ञानपीठाचा मान मिळालेल्या या कवीने 'राणीची बाग', 'एटू लोकांचा देश' असे बालकवितांचे संग्रह लिहिले. बंगालीत सुकुमार राय यांचे 'आबोल ताबोल' 1923 साली आले, तेही नुसत्या अतर्क्य गमतीचे. उर्दूत सूफी तबस्सुम यांचा टोट बटोट आहे. दखनीत तर सुलेमान खतीब यांच्यासारख्या कवीने विनोदाच्या आडून डोळ्यांत पाणी आणले. ज्या घरात 'मजाहिया' मुशायऱ्याला रात्र जागवली जाते, त्या घरातल्या मुलाला मराठीची गंमत परकी का वाटावी? शिक्षकांनी कधी त्या मुलाला त्याच्या आजीचे एखादे गमतीचे गाणे वर्गात म्हणायला सांगून पाहावे. त्या दिवशी अडखळण्याची पाळी बाकीच्यांची.

सगळाच विनोद मात्र वर्गात चालत नाही. जाड्या, काळा, तोतरा यांच्यावर बेतलेली कविता वाचली की वर्गातल्या कुणाला तरी दिवसभर तेच नाव चिकटते. शिक्षकाने कविता निवडतानाच आपल्या समोरचे चेहरे आठवावेत. हत्तीला, म्हशीला, चंद्राला हसा, त्यांना वाईट वाटत नाही.

पालकांची तक्रार असते, "शाळेत नुसती गाणी म्हणतात, वहीत काहीच नाही." वही कोरी असेल, पण मूल जेवताना, अंघोळ करताना मराठी ओळी पुटपुटत असेल तर त्या ऐका आणि जमल्यास पुढची ओळ तुम्ही जोडा. अम्मीने 'ळ'चा 'ल' केला तर दुरुस्त करायला ते टपलेलेच असेल.