विंचवाचा दंश आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या

जव्हार तालुक्यातल्या जामसरच्या पंचक्रोशीत भातकापणी सुरू झाली, की भाऱ्याखाली, बांधावरच्या दगडाआड किंवा कुडाच्या भेगेत दडलेला लाल विंचू कोणाच्या तरी हाताखाली यायचाच. आणि दंश झाल्यावर घरच्यांचे, शेजाऱ्यांचे व भगताचेही सारे लक्ष एकवटते ते ठणक्यावर. वस्तुतः नुसत्या वेदनेने आक्रोश करणाऱ्याच्या जिवाची धास्ती सहसा नसते. ती असते ज्याचा ठणका बेताचा आहे, परंतु ज्याला उलट्या होत आहेत, जो घामाने निथळतो आहे आणि ज्याचे तळहात-तळपाय गारठले आहेत, त्याची.

हे गारठणे म्हणजे रक्तवाहिन्यांचे आकुंचन. विष मज्जातंतूंतील सोडियमच्या वाटा वेळेवर मिटू देत नाही, त्यामुळे स्वायत्त मज्जासंस्था अनावर होते. अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन आणि तंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनलिन लोटू लागते, आणि ही संप्रेरके वाहिनीच्या स्नायूंवरील ‘अल्फा’ ग्राहकांना भिडताच वाहिनी आवळते. निरोगी देहात यावर उतारा असतो : वाहिनीचा अंतःस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडून स्नायूंना सैल करतो. (या वायूच्या कार्याच्या शोधाला १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.) परंतु संप्रेरकांचा, विशेषतः अँजिओटेन्सिनचा, अतिरेक झाला, की त्याच भित्तिकेत ऑक्सिजनचे सुपरऑक्साइड हे उच्छृंखल रूप निपजते आणि त्या वायूचा फडशा पाडते, ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात तो हाच. आवळणारा बळावतो, सोडवणारा निकामी होतो. अशा आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते आणि फेसाळ, लालसर कफ पडू लागतो.

या अरिष्टावरचा तोडगा मुंबईच्या एखाद्या मातबर संस्थेत नव्हे, तर कोकणातच, महाड तालुक्यात सापडला, याचे मला राहून राहून कौतुक वाटते. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीस लागलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी अशा रोग्यांच्या उशाशी बसून नाडी व रक्तदाब टिपला, मृत्यूचे कारण आकुंचनात आहे हे ओळखले, आणि नेमके अल्फा ग्राहक अडवणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरून पाहिली. १९८६ साली ‘लॅन्सेट’ने हे काम छापले, २०११ मध्ये त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवले, की सोबत प्रतिविष दिल्यास रोगी आणखी लवकर सावरतो. २०२२ साली हिंमतरावांना पद्मश्रीही मिळाली; पण सन्मानाची दखल घेणारे दप्तर वेगळे आणि औषधांची मागणी नोंदवणारे वेगळे.

माझे मत असे, की जव्हारच्या कुटीर रुग्णालयाकडे रवानगीची चिठ्ठी लिहिली जाण्याआधी, घाटातल्या वळणांत आणि वाहनाच्या प्रतीक्षेत वेळ जाण्याआधी, डॉक्टरांच्या हुकुमाने पहिली गोळी रोग्याच्या पोटात गेलेली असावी. तिची तरतूद जामसरसारख्या प्रत्येक केंद्रात बारमाही असावी, आणि ती गोळी साधी असावी, सावकाश विरघळणारी नव्हे. ती घेतल्यावर रोग्याला उठवून बसवायचे नाही, निजवूनच ठेवायचे, कारण उभे राहताच रक्तदाब कोसळू शकतो. आणि हातपाय उबदार होईपर्यंत दर तीन तासांनी मात्रा द्यायची. एवढी शिस्त पाळण्यास शल्यगृह लागत नाही.

भगताला दूषणे देण्यात मात्र मला स्वारस्य नाही. रोग्यापाशी तोच आधी पोचतो. तेव्हा मंत्र म्हणता म्हणता त्याने तळपायाला हात लावून पाहावा, आणि गार लागला तर त्यानेच गाडी बोलवावी, असा समझोता आरोग्य खात्याने त्याच्याशी करून घ्यावा.