सुट्टीतल्या दुपारचे जेवण

भारतात शाळकरी मुलाला मिळणारे दुपारचे जेवण हा कायद्याने दिलेला हक्क आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या पाचव्या कलमानुसार सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला रोज एक वेळ मोफत जेवण द्यावे लागते. पण हे जेवण शाळेच्या सुट्ट्यांचे दिवस वगळून द्यायचे आहे, असेही त्याच कलमात लिहिले आहे. महाराष्ट्रात मे महिन्याच्या आरंभी शाळा बंद होतात आणि जूनच्या मध्याला उघडतात. ते सहा आठवडे हा हक्क थांबतो.

मुंबईच्या गिरणगावातला मे महिना आपल्या वाचकांच्या मनात वेगळा आहे. एसटीचे आरक्षण, कोकणातले घर, आंबे-फणस, आजीच्या हातची पेज. लालबाग-परळच्या चाकरमान्यांची मुले वार्षिक परीक्षा संपली की गावी जात, आणि त्या दिवसांत पोटाची काळजी कोणाला करावी लागत नसे. शेजारच्या शिवडीत आजही अशी मुले आहेत. पण हार्बर रेल्वेच्या रुळांपलीकडे, गोदामांच्या आडोशाने वसलेल्या झोपड्यांत न जाणारी मुलेही आहेत. बाप गोदामात हमाली करतो, आई चार घरची धुणीभांडी करते. महिनाभराचा रोज बुडवून गाव गाठणे त्यांना परवडत नाही आणि कित्येकांना परत जावे असे गावच उरलेले नाही. सकाळी चहा-पाव होतो. दुपारी आई परतेपर्यंत पाच-दहा रुपयांच्या पाकिटावर भागते, नाहीतर दहा-अकरा वर्षांची थोरली बहीण स्टोव्ह पेटवून भात टाकते. शाळा चालू असताना याच वेळेला त्यांच्यापुढे खिचडीचे ताट असते.

शालेय पोषण आहाराची केंद्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. महाराष्ट्रात आधी काही वर्षे मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेण्यासाठी मिळत होता. शिजवलेले अन्न आले ते सर्वोच्च न्यायालयामुळे. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने न्यायालयाने प्रत्येक सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळेत वर्षातले किमान २०० दिवस ताजे, शिजवलेले जेवण बंधनकारक केले. २०२१ पासून योजनेचे नाव पीएम पोषण झाले, पण लोकांच्या तोंडी ती आजही ‘खिचडी’च आहे.

ही खिचडी कशी होते ते नीट पाहण्यासारखे आहे. पाचवीपर्यंतच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल हे प्रमाण ठरलेले आहे. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. म्हणजे शंभर मुलांच्या टोपात दहा किलो तांदूळ, दोन किलो मूगडाळ, पाच किलो भाजी आणि अर्धा किलो तेल पडते. तांदूळ केंद्र सरकार देते. बाकी सामान आणि इंधनासाठी १ मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १० रुपये १७ पैसे असा दर आहे. त्यातला ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. सात रुपयांहून कमी पैशांत डाळ, भाजी, तेल, मसाला आणि गॅस बसवायचा, हे ज्या बाया रोज करून दाखवतात त्यांचे कौतुक व्हायला हवे तेवढे होत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरवले होते. २०२५ च्या जानेवारीत त्याचा वेगळा निधी बंद झाला. तो निर्णय चुकीचा होता.

गावातल्या शाळेत स्वयंपाकी-मदतनीस शाळेतच शिजवतात. मुंबईत जागा नाही, म्हणून महिला बचत गट किंवा संस्था एका स्वयंपाकघरात शिजवून झाकणाच्या स्टीलच्या डब्यांतून टेम्पोने शाळोशाळी पोचवतात. डबा उघडला की आधी शिक्षक चव घेतो, वहीत नोंद करतो आणि मगच मुलांना वाढले जाते. ही नोंद केवळ उपचार म्हणून केली जात नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या गंडामण गावच्या शाळेत कीटकनाशक मिसळलेले जेवण खाऊन २३ मुले दगावली, तेव्हापासून तिचे मोल साऱ्या देशाला कळले आहे.

सुट्टीचा फटका शिजवणाऱ्या बायांनाही बसतो. स्वयंपाकी-मदतनीसांचे मानधन केंद्राच्या निकषाप्रमाणे वर्षातून दहाच महिन्यांचे असते. बचत गटाला मुलांच्या ताटांप्रमाणे पैसे मिळतात, त्यामुळे ताटे थांबली की कमाई थांबते. यांतल्या पुष्कळजणींची स्वतःची मुले त्याच शाळांत असतात. मेमध्ये एकाच घरातले मुलाचे जेवण आणि आईची कमाई, दोन्ही बंद होते.

सुट्टीत जेवण देणे अशक्य आहे असे मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजी आदेश दिला की दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही हे जेवण चालू ठेवावे. महाराष्ट्राने ते केले आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथल्या शाळांत आहार चालू ठेवला गेला. २०२३ च्या अखेरीस ४० तालुके दुष्काळी ठरले, तेव्हा २०२४ च्या सुट्टीतही तसेच झाले. २०२० च्या टाळेबंदीत तर केंद्राने देशभर उन्हाळी सुट्टीच्या आहारासाठी सुमारे १,६०० कोटी रुपये जादा मंजूर केले. अंगणवाडीतल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वर्षातले ३०० दिवस गरम जेवण मिळते, त्यामुळे मे महिन्यातही त्याचे ताट सुटत नाही. शिवडीच्या एकाच खोलीत पाच वर्षांचा धाकटा मेमध्ये अंगणवाडीत जेवतो आणि आठ वर्षांची बहीण त्याला सोडून रिकाम्या पोटी परत येते, असे या नियमांमुळे घडू शकते.

शहराला दुष्काळ जाहीर होत नाही, ही खरी अडचण आहे. दुष्काळ ठरतो तो पाऊस, पीक आणि जमिनीतल्या ओलाव्यावरून. शिवडीत पीक नाही, तेव्हा आणेवारीही नाही. इथला दुष्काळ रोजंदारीचा, आणि तो मोजणारे कोष्टक सरकारी दफ्तरात नाही. ज्या भागात महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय उभे आहे तिथे अन्नाचे महत्त्व वेगळे पटवावे लागू नये. झारखंडमध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केलेल्या अभ्यासात क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

परदेशात राहणाऱ्या वाचकांनी याचा दुसरा नमुना जवळून पाहिलेला असतो. अमेरिकेत जून उजाडला की वाचनालये, उद्याने आणि चर्चच्या आवारात मुलांसाठी मोफत जेवणाचे फलक लागतात. तो सरकारी पैशाचा कार्यक्रम १९६८ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झाला आणि १९७५ पासून स्वतंत्रपणे चालतो. ज्या भागातली निम्मी मुले सवलतीच्या शालेय जेवणाला पात्र असतात तिथे केंद्र उघडते. मग अठरा वर्षांपर्यंतच्या कोणत्याही मुलाने यावे आणि जेवावे. नाव, उत्पन्न, दाखला काही विचारत नाहीत. एवढे असूनही शाळेच्या दिवसांत जेवणाऱ्यांच्या मानाने फार थोडी मुले तिथवर पोचतात, म्हणून २०२४ पासून अनेक राज्यांत पात्र मुलामागे उन्हाळ्यासाठी १२० डॉलरही दिले जातात. इंग्लंडने २०२१ पासून सगळीकडे सुट्टीतले जेवण खेळ आणि उपक्रमांना जोडले. मूल नुसत्या ताटासाठी यायला लाजते, पण कॅरम, चित्रकला, क्रिकेट असेल तर धावत येते, आणि जेवण त्याच्या बरोबरीने होऊन जाते.

शिवडीसाठी यातून घ्यायचे ते दोन धडे. पात्रता मुलागणिक तपासू नये, वस्तीगणिक ठरवावी. आणि जेवणाला खेळाची जोड द्यावी. उरलेले सगळे जागेवर आहे. पालिकेच्या शाळांच्या इमारती आहेत, अंगणवाड्या आहेत, शिजवणारे बचत गट आहेत. या भागात शेकड्यांनी माणसे जेवू घालण्याची विद्या जुनी आहे. गिरणी कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच गिरणगावात.

अडचणी आहेत त्या रोजच्या कामातल्या. शिक्षक सुट्टीवर असतात, तेव्हा शाळेची चावी कोणाकडे आणि चव कोण घेणार हे आधी ठरवावे लागते. मेच्या उकाड्यात अन्न लवकर आंबते, म्हणून टेम्पो शाळेच्या वेळेपेक्षा लवकर निघायला हवा आणि डबा उघडताना अन्न वाफाळते हवे. पिण्याच्या पाण्याची टाकी सुट्टीतही धुतली जायला हवी. मुले किती येतील याचा अंदाज पहिल्या आठवड्यात चुकणारच. तो चुकला म्हणून केंद्र बंद करू नये. रुळांपलीकडच्या, बंदराच्या जमिनीवरच्या वस्तीत कायमची खोली बांधता येत नाही. तिथल्या मुलांना जवळच्या शाळेपर्यंत रेल्वे फाटक किंवा पूल ओलांडून यावे लागते, तेव्हा त्यांना आणायला कोणी मोठे माणूस लागेल.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. सहा आठवड्यांतले रविवार सोडून ३६ दिवस धरले, तर प्राथमिकच्या शंभर मुलांना आजच्या दराने सामान-इंधनासाठी २४,४०८ रुपये आणि ३६० किलो तांदूळ लागतो. स्वयंपाक आणि वाहतुकीचे पैसे त्याहून वेगळे. तरीही ही रक्कम देशातल्या सर्वात श्रीमंत महापालिकेला जड नाही.

परदेशातल्या वाचकांना यात दोन गोष्टी करता येतील. पहिली देणगीची. पीएम पोषण योजनेत लोकांनी आपणहून वाढून दिलेल्या जेवणाला जागा आहे. महाराष्ट्रात त्याला स्नेहभोजन म्हणतात. पैसे पाठवण्याआधी एक ध्यानात ठेवावे. भारतीय पारपत्र असलेल्यांनी बँकेतून दिलेली देणगी परदेशी मानली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी मात्र परदेशी ठरते आणि ती विदेशी देणगी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेलाच देता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशा संस्थेला ती पुढे दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. देणगी एखादा उन्हाळा भागवते, हक्क दरवर्षी भागवतो. ज्यांचे आई-वडील, भावंडे आजही शिवडी-परळला राहतात त्यांनी त्यांच्यामार्फत पालिकेच्या एफ दक्षिण विभागाकडे आणि शिक्षण खात्याकडे सुट्टीतल्या जेवणाची लेखी मागणी करावी. मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प सहसा फेब्रुवारीत मांडला जातो. पुढच्या मे महिन्यातल्या ताटाची तरतूद त्यात यायची असेल, तर पत्र दिवाळी संपताच पोचायला हवे.